तुम्ही विचारलंत म्हणून: दमलेल्या टीमसाठी डिझाइन थिंकिंग

‘आमच्याकडे वीसेक जणांचा स्टाफ आहे, निम्मा फील्डवर. सगळे थकलेत. योगाचं सत्र घेतलं, सहल काढली, दोन महिन्यांत पुन्हा जैसे थे. डिझाइन थिंकिंगने काही होईल का?’ मुंबईतल्या सामाजिक संस्थांकडून हा प्रश्न आम्हाला वरचेवर येतो. पाठोपाठ एक वाक्यही येतं: ‘बजेट मात्र नाही हं.’

होईल. डिझाइन थिंकिंग म्हणजे माणसाचा दिवस आधी समजून घ्यायचा आणि मग छोटे नमुने वापरून पाहत उपाय शोधायचा, अशी पद्धत. मात्र माणसाला सुधारायला न जाता कामाच्या दिवसात फेरफार करायची तयारी हवी. ‘बर्नआउट’, म्हणजे कामाने पार थकून जाणं, ही कल्पना १९७४ साली मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मांडली, ती न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांकडे पाहून. म्हणजे हा शब्द आला तोच आपल्यासारख्या कामातून. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्यामुळे येणारी अवस्था म्हटलं. दुखणं कामातून येत असेल, तर ते रविवारच्या प्राणायामावर सोडून चालत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल या डिझाइन संस्थेने रूढ केलेल्या या पद्धतीच्या पायऱ्या पाच आहेत: समजून घेणं, प्रश्न नेमका करणं, कल्पना काढणं, कच्चा नमुना बनवणं, तो वापरून पाहणं. बहुतेक कार्यशाळा थेट तिसरीवर उडी मारतात. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या लागतात, फोटो निघतात आणि सोमवारी काहीच बदललेलं नसतं. तुमच्याकडे सहा आठवडे असतील, तर निम्मे पहिल्या दोन पायऱ्यांना द्या.

पाच-सहा जणांशी प्रत्येकी चाळीस मिनिटं बोला. यात अकाउंटंट आणि ऑफिस सांभाळणाऱ्या मावशीही हव्यात. विचारणारी व्यक्ती त्यांची वरिष्ठ नको. ‘ताण आहे का?’ असं विचारलंत तर ‘नाही, ठीक आहे’ हेच ऐकायला मिळेल, कारण सेवेच्या कामात दमल्याचं कबूल करणं कमीपणाचं वाटतं. त्याऐवजी म्हणा, ‘काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं, ते सांगा.’ मग एक दिवस त्यांच्यासोबत फील्डवर जा.

जे कळेल ते सहा फूट खाकी कागदावर काढा. आडव्या तीन ओळी: काम काय चाललं होतं, शरीराचं काय झालं, मनात काय होतं. बदलापूरहून गोवंडीच्या वस्तीत घरभेटींना येणाऱ्या एखाद्या ताईंचा दिवस घ्या. पहिली ओळ भरगच्च असते: घरचे डबे, लोकल, कुर्ल्याला उतरून हार्बरची गाडी, आठ भेटी, ऑफिसात परतून एमआयएसची (कामाच्या नोंदींच्या संगणक प्रणालीची) एंट्री, रात्री पावणेअकराला वस्तीतून फोन. खरी गोष्ट असते दुसऱ्या ओळीत. तिथे दिसतं की सकाळी भरलेली पाण्याची बाटली चार वाजताही अर्धी आहे. वस्तीत धड संडास नाही, म्हणून त्या पाणीच कमी पितात. डबा उघडला साडेतीनला, तोही उभ्याने. अशा माणसाला ‘भरपूर पाणी प्या’ हे पोस्टर काय कामाचं?

आता प्रश्न नेमका करा. ‘स्टाफचं मनःस्वास्थ्य कसं सुधारावं?’ हा प्रश्न फार मोठा आहे, त्याला कुणीच हात घालू शकत नाही. ‘दुपारी दोनच्या आत, बसून जेवता येईल आणि स्वच्छ संडास वापरता येईल, असं आपण काय करू शकतो?’ याला हात घालता येतो. यात उपकारही नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमातही सलग ठरावीक तास काम झालं की किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितलेली आहे.

कल्पनांना एक तास पुरे. आधी प्रत्येकाने गप्प बसून कागदावर आठ कल्पना लिहायच्या, मग बोलायचं. हा क्रम उलटला की संचालक पहिलं वाक्य बोलतात आणि बाकीचे त्यालाच दुजोरा देत बसतात. संचालकांनी त्या तासाला बाहेर थांबलेलं बरं. निवडलेल्या कल्पनेला पंधरा दिवस संमती द्यायचं काम त्यांचं.

नमुना स्वस्त आणि पंधरा दिवसांचा असावा. रात्रीच्या फोनचं उदाहरण नीट पाहू, कारण ते जवळपास प्रत्येक संस्थेत निघतं. एक साधा हँडसेट, एक सिम. संध्याकाळी सात ते सकाळी नऊ तो एकाकडेच, आठवड्याला पाळी बदलायची. रात्री फोन घ्यावा लागला तर दुसऱ्या दिवशी अकराला यायचं, सुट्टी न कापता. हँडसेटच्या मागे चिठ्ठी चिकटवायची: तातडीचं म्हणजे काय (मारहाण, हरवलेलं मूल, जीव देण्याची भाषा), आणि ११२ (पोलीस व तातडीची मदत), १८१ (महिला हेल्पलाइन), १०९८ (चाइल्डलाइन) हे क्रमांक. बाकी सगळ्याला एकच उत्तर, ‘उद्या दहाला बोलू.’

हे बिघडतं कुठे, तेही सांगतो. ताईंचा स्वतःचा नंबर वस्तीत वर्षानुवर्षं पाठ असतो, त्यामुळे पहिले दहा दिवस फोन तिथेच येतात. म्हणून आधीच घरोघरी नव्या नंबरचं कार्ड द्या आणि ताईंनी स्वतः सांगावं की रात्री हा लावा, कुणीतरी नक्की उचलेल. ते सांगणं ऑफिसवर सोडलंत तर वस्तीला वाटतं, ताई आपल्याला टाळतायत, आणि ताईंना अपराधी वाटून त्या पुन्हा आपलाच फोन उचलू लागतात. दुसरी अडचण पाळीची. एकटी राहणारी, मूलबाळ नसलेली मुलगी प्रत्येक वेळी ‘मी घेते’ म्हणते. यादी आधी ठरवून भिंतीवर लावा. तिसरी, वरिष्ठांनी रात्री अकराला स्टाफच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज. तो एक मेसेज सगळा प्रयोग मोडतो.

मोजायचं तीनच गोष्टींत: स्वतःच्या फोनवर रात्री किती कॉल घेतले, दोनच्या आत किती दिवस जेवण झालं, अकराला यायची सवलत किती वेळा खरोखर घेतली गेली. वहीत रोज रेघा ओढा, नाव नको. ही वही मूल्यमापनात किंवा डोनरच्या रिपोर्टमध्ये जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर आकडे खोटे येतील. पंधरा दिवसांनी अर्धा तास बसा आणि ठरवा: ठेवायचं, बदलायचं की सोडायचं. सोडायलाही मोकळीक हवी.

पैशांचं म्हणाल, तर परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० वरून २० टक्क्यांवर आली, त्यामुळे या गोष्टी त्या रकान्यात कोंबायला जागा उरत नाही. हँडसेट, पाळीचा भत्ता, समुपदेशकांसाठी महिन्याला एक सुपरव्हिजन (अनुभवी व्यक्तीसोबत आपल्या कामाबद्दल बोलण्याची बैठक) हे फील्डच्या कामाचेच भाग आहेत. पुढच्या प्रस्तावात तिथेच मांडा, आधी अकाउंटंट आणि ऑडिटरशी बोलून.

एक काळजीची सूचना. मुलाखतीत कुणी सांगितलं की आठवडे झोप नाही, जगावंसं वाटत नाही, तर ते कागदावर चिकटवायचं नाही. तिथेच थांबा, सोबत बसा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून द्या. तो चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

आणि मार्चमध्ये सुरू करू नका. वर्षअखेरीचे हिशेब आणि रिपोर्ट चालू असताना खाकी कागद म्हणजे स्टाफला आणखी एक काम. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिल्या मुलाखतीला बसा, म्हणजे पावसात वस्तीत पाणी भरायच्या आधी एक नमुना वापरून झालेला असेल.