एकोणतीसचा पाढा आणि डोक्यातली तार

डीबीएस, म्हणजे पार्किन्सन्ससाठी मेंदूत तार बसवून बॅटरीने विजेचे ठोके देण्याचं ऑपरेशन, करावं का, हे विचारायला हल्ली ओळखीचे-अनोळखी फोन करतात. सगळ्यांना ऑपरेशनचं ऐकायचं असतं. मला विचाराल तर ऑपरेशन सोपं. त्याआधीची एक सकाळ आणि नंतरचे चार महिने जड गेले.

पार्किन्सन्स होऊन मला ११ वर्षं झाली. सुरुवात कंपाने नाहीच झाली. सही जुळत नाही म्हणून चेक परत आला. अक्षर मुंगीएवढं झालं होतं. उजवा खांदा आखडला, तर एका डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर म्हणून वर्षभर शेक घ्यायला लावला. मग पार्किन्सन्सची गोळी सिंडोपा सुरू झाली आणि पाच-सहा वर्षं झकास गेली. पुढे गोळी तीन तासांतच उतरू लागली. आमच्या भाषेत गोळी चालू असते तो ‘ऑन’ आणि उतरली की ‘ऑफ’. ऑनमध्ये अंग नको तितकं वळवळायचं, ऑफमध्ये उंबऱ्याशी पाय खिळायचे. उसळीबरोबर घेतलेली गोळी तर लागूच पडायची नाही.

ती सकाळ म्हणजे ऑपरेशनचा उपयोग होईल का, हे बघायच्या चाचणीची. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद. हिने आणि मुलाने मला अक्षरशः उचलून गाडीत ठेवलं. चिमटीची उघडझाप करा, मूठ मिटा, खुर्चीतून उठा, चाला. मग मागून खांद्याला हिसका. प्रत्येकाला गुण. नंतर भरपूर डोस देऊन तासाभराने पुन्हा तेच. निदान तिसरा हिस्सा तरी सुधारणा दिसावी लागते, कारण कंप सोडला तर जे गोळीने सुधारतं तेच साधारण तारेने सुधारतं. ऑनमध्येही तोल जात असेल, तर तो ऑपरेशननंतरही जाणार. एवढं स्पष्ट बोलणारा डॉक्टर भेटला, हे माझं नशीब.

यामागचं संशोधनही त्यांनीच सांगितलं. पूर्वी कंपासाठी मेंदूतल्या थॅलॅमसचा ठिपकाभर भाग जाळून टाकत. जागा बरोबर आहे ना, हे बघायला आधी तिथे वीज सोडत. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला आलीम-लुई बेनाबिद यांच्या लक्षात आलं, की सेकंदाला शंभराच्या आसपास ठोके दिले की कंप थांबतो. मग जाळायचं कशाला, तारच ठेवू! पण मंदपणा आणि ताठरपणा कुठून येतो, याचा माग लावला अमेरिकेत मॅलन डिलाँग यांनी. १९९० साली त्यांच्या गटाने दाखवलं, की पार्किन्सन्ससारखी अवस्था केलेल्या माकडांतला सबथॅलॅमिक न्यूक्लियस निकामी केला की ती पुन्हा हलू लागतात. मेंदूतली पावट्याच्या दाण्याएवढी ही जागा, माझी तारही इथेच जायची होती. २०१४ मध्ये दोघांना मिळून वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. मला मात्र ती माकडंच आठवत राहिली.

ऑपरेशनला मी जागा होतो. डोक्याला चौकट चार स्क्रूंनी आवळली, ते दुखलं. भोक पाडताना दुखत नाही, पण घरघर दातांत उतरते. मग बारीक तारा आत सरकू लागल्या आणि पेशींचा आवाज स्पीकरवर आला: आधी मोहरीसारखं सुटं तडतडणं, मध्ये शांतता, मग एकदम पत्र्यावर पाऊस. ‘‘आलो,’’ सर्जन म्हणाले.

करंट वाढवत त्यांनी पाढा म्हणायला सांगितला. मी मुद्दाम एकोणतीसचा घेतला. त्रिक सत्त्याऐंशीपर्यंत आलो आणि जीभ जड झाली. करंट खाली आला तेव्हा ‘चोक सोळोदरसे’ स्वच्छ निघालं. हात बघितला, तर तो मांडीवर गप्प पडला होता.

बॅटरी कॉलरबोनखाली बसवली, पण ती चालू केली महिनाभराने. तोवर नुसती तार गेल्यानेच बरं वाटत होतं. ते ओसरलं तेव्हा घरात सुतक. पुढे प्रोग्रामिंग. सेकंदाला १३० ठोके ठरले, पण करंट दर खेपेला कणाकणाने बदलायचा. एकदा चाल सुधारली आणि बोलणं घोगरं झालं, मग पुन्हा मागे. गोळ्या निम्म्यावर आल्या, सुटल्या नाहीत. वळवळ जवळजवळ गेली. गर्दीत वळताना तोल अजून जातो.

ऑन-ऑफची वही ही अजून ठेवते. फोनवर आवाज जड वाटला, की मुलगी पुण्याहून विचारते, ‘‘बाबा, एकोणतीसचा म्हणा बघू.’’