तुम्ही विचारलंत म्हणून: झोपवून दात काढला तर उठेन ना मी?

लग्नात, सोसायटीच्या मीटिंगला, परवा तर भाजी घेताना, हा प्रश्न मला कुठेही गाठतो. मी भूलतज्ज्ञ आहे, डेंटल क्लिनिकमध्ये सेडेशनच्या, म्हणजे औषधाने गुंगी आणायच्या, केसेसना जाते, आणि ज्यांना त्या खुर्चीचीच धास्ती आहे ते जरा बाजूला घेऊन हळूच विचारतात, सेफ असतं ना हो ते?

आधी हे सांगते की या भीतीची लाज वाटायचं काहीच कारण नाही. भीतीपोटी लोक लवंगेचं तेल लावत वर्षं काढतात आणि एका फिलिंगमध्ये वाचली असती ती दाढ गाल सुजल्यावर घेऊन येतात, म्हणून मला सेडेशन मनापासून हवंसं वाटतं.

सगळ्यात हलका प्रकार म्हणजे नाकावर छोटा मास्क लावून नायट्रस ऑक्साइड. गॅस जुनाच आहे, अमेरिकेतल्या होरेस वेल्स नावाच्या डेंटिस्टने 1844 साली तो घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली होती. आताची मशिन्स ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाहीत, शेवटी पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात, की झालं. फक्त बी12 फार कमी असेल तर आधी सांगा, हा गॅस शरीरातलं बी12 निकामी करतो आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत ते कमी असणारे खूप.

दुसरा प्रकार शिरेतून, बहुतेक वेळा मिडाझोलाम. डोळे मिटलेले असतात पण "काकू, आ करा" म्हटलं की काकू आ करतात, आणि नंतर म्हणतात मला काहीच आठवत नाही. हिरडीतलं इंजेक्शन तरीही द्यावंच लागतं, कारण या औषधाने भीती जाते, दुखणं नाही.

आता धोका. डोस जास्त झाला किंवा जोडीला दुसरं गुंगीचं औषध गेलं की श्वास मंदावतो, आणि दाताचं काम नेमकं श्वासाच्याच वाटेवर चालतं, तिथेच पाणी, तिथेच रक्त, तिथेच कापसाचे बोळे. डेंटिस्टची नजर दाढेवर असते आणि असायलाच हवी, म्हणून श्वासाकडे बघायला वेगळा माणूस हवाच हवा. कोविडपासून ऑक्सिमीटर सगळ्यांना माहीत झालाय, पण वरून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास अडकल्यावरही तो आकडा बराच वेळ 98-99 दाखवत राहतो, म्हणून मी आकड्यापेक्षा छातीकडे जास्त बघते, आणि कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं मशीन, असेल तर श्वासागणिक उठणाऱ्या त्याच्या रेषेकडे. तर क्लिनिकमध्ये बिनधास्त विचारा, माझ्याकडे बघायला कोण थांबणार, ऑक्सिजन आणि तोंडातलं पाणी-रक्त ओढून घेणारं सक्शन आहे ना, मिडाझोलाम उतरवणारं फ्लुमाझेनिल हाताशी आहे ना. विचारलं म्हणून कोणी चिडत असेल तर तिथून उठा.

आणि आमच्याशी खरं बोला, प्लीज. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, रात्री झोपेची गोळी घेता का. शिरेतून सेडेशन असेल तर खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यातच. गुंगीत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते, एवढंच कारण आहे त्यामागे.

मागे एक सात वर्षांचा मुलगा आला होता, सगळी तयारी झालेली, आणि त्याच्या शर्टावर मला बिस्किटाचा चुरा दिसला. आजीला विचारलं तर त्या रडवेल्या झाल्या, "एकच दिलं हो, लेकरू उपाशी बघवेना." मी त्यांचा हात धरला आणि केस पुढे ढकलली. आई रजा टाकून आली होती, वैतागली, साहजिकच आहे. चार दिवसांनी परत आले तेव्हा आजींनी दारातूनच सांगितलं, "आज मीपण काही खाल्लं नाहीये, म्हणजे तो मागणार नाही."