पात्र निघून जातं, शॉट चालूच राहतो

व्हिडिओ एसे म्हणजे नक्की काय असं कुणी विचारलं की मी समजावत बसत नाही, कोगोनाडा या दिग्दर्शकाचा २०१३ चा 'व्हॉट इज निओरिअ‍ॅलिझम' पाठवून देते, पाचेक मिनिटांचाच आहे, पिक्चरचेच तुकडे लावून केलेली समीक्षा.

मामला असा आहे की इटलीतल्या निओरिअ‍ॅलिझमचा, म्हणजे साध्या माणसांच्या खऱ्या जगण्याजवळ जाणाऱ्या सिनेमाच्या चळवळीचा दिग्दर्शक दे सिका आणि हॉलिवूडचा निर्माता सेल्झनिक यांनी मिळून एक पिक्चर केला, रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर, एक विवाहित अमेरिकन बाई आणि तिचा प्रियकर एकमेकांचा निरोप घेतायत, बस एवढीच गोष्ट. पण दोघांचं पटलं नाही आणि एकाच शूटिंगमधून दोन पिक्चर निघाले, दे सिकाचा दीड तासाचा आणि सेल्झनिकने कापून तासाभराच्या आसपास आणलेला. कोगोनाडा दोन्ही शेजारी शेजारी लावतो. हिरॉइन फ्रेममधून बाहेर पडते, सेल्झनिककडे लगेच कट, आणि दे सिकाकडे शॉट अजून चालूच, कोण कुठली माणसं येतायत जातायत, ज्यांचा गोष्टीशी काहीएक संबंध नाही. ते दोन-चार सेकंद ठेवायचे की उडवायचे, सगळा वाद तिथेच आहे!

आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुस्तकात निओरिअ‍ॅलिझम म्हणजे खरी लोकेशन्स, नवखे कलाकार वगैरे वाचलेलं असतं, पण इथे तर जेनिफर जोन्स आणि माँटगोमेरी क्लिफ्टसारखे स्टार आहेत, तरीही फरक डोळ्यांना दिसतो.

टोनी झू आणि टेलर रामोस या व्हिडिओ एसे करणाऱ्या जोडीचा, मारामारीच्या पिक्चरवाल्या जॅकी चॅनवरचा व्हिडिओही असाच, ठोसा बसतो तो क्षण कटनंतर किंचित मागे जाऊन पुन्हा दाखवलाय हे ते नेमकं पकडून दाखवतात, एरवी ते कळतही नाही, नुसता ठोसा जोरात लागल्यासारखा वाटतो.

आपल्याकडे मात्र पिक्चरवरचे बहुतेक व्हिडिओ गोष्ट सांगण्यातच संपतात. मला कुणीतरी चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' या मराठी पिक्चरवर असं काम केलेलं बघायचंय. एका बाजूला बचावाचे वकील सुपरमार्केटमध्ये वाईन-चीज घेतायत तो सीन, दुसऱ्या बाजूला सरकारी वकील बाई लोकलने घरी येऊन स्वयंपाकाला लागतात तो, कॅमेरा दोघांकडेही लांबून शांतपणे बघतोय. कायद्याचीही आडकाठी नाही, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा आहेच. व्हॉइसओव्हर अगदी कमी ठेवा, आणि पार्श्वसंगीत तर नकोच, दोन्हीकडचे मूळ आवाज ऐकू येऊ देत.