करडईचा मध निघाला, आता उन्हाळ्याची तयारी

रब्बीचा मध काढून झाला. मधमाश्यांच्या पेट्या चारच, मेलिफेराच्या (पेटीत पाळतात ती युरोपियन माशी). औसा तालुक्यातल्या आमच्या मळ्यात विहिरीजवळच्या आंब्याखाली ठेवल्यात. मध मात्र आमच्या वावरातला फारसा नाही. आमचा रब्बीचा पेरा हरभऱ्याचा आणि हरभऱ्याचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत फळतं, त्यामुळं माशी तिकडं ढुंकूनही बघत नाही. जानेवारीपासून माश्यांची रांग लागली ती ओढ्यापलीकडच्या करडईवर आणि त्याला लागून असलेल्या धन्यांवर. माशी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. म्हणून नवीन पेटी ठेवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की आधी आपला सातबारा बाजूला ठेवा आणि शिवारात कुणी काय पेरलंय ते फिरून बघा. सोयाबीन-हरभरा सोडून दुसरं काहीच नसेल तर पेटी उपाशी राहणार. करडईचं क्षेत्र पूर्वीपेक्षा बरंच कमी झालंय, हे आपल्यासाठी वाईट.

त्याआधी वसाहती, म्हणजे पेट्यांतली माश्यांची कुटुंबं, भरल्या त्या तुरीवर. आमच्या शिवारात बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे तुरीचे दोन वाण आहेत: पांढरी बीडीएन 711 आणि लाल 716. 711 आधी फुलते, 716 मागून. दोन्ही असल्यामुळं फुलोरा लांबला, राणीनं अंडी घालायचं थांबवलं नाही आणि करडई फुलेपर्यंत पेट्यांत कामकरी माश्यांची गर्दी झाली होती. अंड्यातून कामकरी माशी बाहेर यायला 21 दिवस लागतात आणि ती चरायला निघते त्याच्याही दोन-तीन आठवड्यांनी. म्हणजे करडईवर काम करणारी फौज तुरीतच उभी करावी लागते. करडई फुलल्यावर साखरेचा पाक पाजून उपयोग नाही.

पण खरा घोळ तुरीतच असतो. फूल लागलं की अळी येते, अळी आली की फवारणी. फवारू नका म्हणायला आपल्याला तोंड नाही, अळी पोसून तूर कोण पिकवणार? मी फक्त दिवस मावळल्यावर मारा आणि आदल्या दिवशी सांगा, एवढं मागितलं. शेजारचे तात्या म्हणाले, "तुझ्या माश्यांसाठी म्या अंधारात पंप घेऊन फिरू व्हय?" माश्यांचं कौतुक सांगून ते बधले नसते. संध्याकाळी वारा पडलेला असतो, औषध उडून न जाता पानावर बसतं, हे मात्र त्यांना पटलं. एकानं भर दहा वाजता फवारलं, तेव्हा एका पेटीच्या दारात सोंड बाहेर काढून मेलेल्या माश्यांचा सडा पडला. ती पेटी करडईपर्यंत सावरली, पण तिच्यातून मध काढला नाही.

काढणीला घाई केली नाही. चौकटीचा तीन-चतुर्थांश भाग मेणानं बंद झाल्यावरच ती मध काढायच्या यंत्रात घातली. रिफ्रॅक्टोमीटरवर (मधातलं पाणी मोजायचं उपकरण) ओलावा 18 टक्के आला. 20च्या वर गेला की मध आंबायची भीती. आमची फेब्रुवारीची कोरडी हवा इथं कामाला येते.

गिऱ्हाईकांचं काय सांगावं! बरणीत मध गोठला की "साखर घातलीय" म्हणून परत आणतात. ग्लुकोज जास्त असलेला मध गोठणारच. कोमट पाण्यात बरणी ठेवा म्हणून सांगतो, गॅसवर नाही. पाण्यात थेंब टाकायची परीक्षाही सोडून द्या, घट्ट पाकसुद्धा तसाच तळाला जातो. आणि लेबलवर मी नुसतं "करडई" लिहीत नाही. त्यात धने आहेत, तुरीचाही अंश असणार.

आता करंज फुललाय, कडुनिंबाला मोहोर येतोय. हा मध काढणार नाही. मे महिन्यात पारा 42च्या पुढं जातो, पुढं पावसाळ्यातही फुलांची टंचाईच असते. खालच्या कोठीतला मध त्यांचा.

व्हरोआची (माश्यांच्या अंगावर चिकटून जगणारा बारीक गोचीड) तपासणी उरकली: बरणीत साधारण 300 माश्या, वर पिठीसाखर, हलवून चाळणीतून गोचीड मोजायचे. त्यावर फॉर्मिक ॲसिड वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्या, 30 अंशांच्या वर त्याची वाफ माश्यांवरच उलटते. आपल्याकडं उन्हाळ्यात तो विषय बंद.

पेट्यांवर ओलं गोणपाट आणि पसरट परातीत खडे टाकून पाणी ठेवायला सुरुवात केलीय. खडे नसले की माश्या बुडतात. परात पेटीपासून थोडी लांब आणि एकाच जागी ठेवतो, रोजची जागा बदलली की त्या विहिरीवर जातात आणि मग पाणी शेंदणाऱ्यांची बोलणी मला खावी लागतात. रिकाम्या पोळ्यांच्या चौकटी पावसाळ्यात मेणकिड्यापासून (पोळं पोखरणारी अळी) वाचवायला कुणी काय करतं, तेवढं सांगा. माझ्याकडं फ्रीजरमध्ये दोनच मावतात.