अडगावची लढाई: फासे बाद, कॅरमच्या सोंगट्या आत

अडगावच्या लढाईवरच्या पटखेळात हिंमत-चाचणीचा, म्हणजे तोफांच्या माऱ्यात पलटण टिकते की पळते हे ठरवण्याचा, तिढा बराचसा सुटला. मागचे नियम छापून घेतलेल्यांनी फाशांचं कोष्टक सरळ खोडावं.

दोन फाशांवर ७ किंवा जास्त, ही अट ठेवली की पलटण टिकण्याची शक्यता ३६ पैकी २१. शेजारची पलटण पळाली म्हणून एक वजा झाला की १५, दोन वजा झाले की १०. दोन फाशांच्या बेरजेत वजन मधल्या आकड्यांचं, म्हणून ७ च्या आसपास एकेक वजा जबर बसतो. शिरसोली गावापाशी एक पलटण फुटली की अख्खी रांग तिच्यामागे जाते आणि इंग्रज फौज भोसल्यांच्या तोफांपर्यंत पोचायच्या आत डाव संपतो. अट ५ वर आणावी तर टिकण्याची शक्यता ३६ पैकी ३०. मग भोसल्यांच्या ३८ तोफा फक्त आवाजापुरत्या. २९ नोव्हेंबर १८०३ ला घडलं ते या दोन्हींच्या मधलं: तोफा सुरू होताच इंग्रजांच्या तीन देशी पलटणी मागे पळाल्या, त्यांचा सेनापती वेलस्लीने त्या सावरून परत उभ्या केल्या आणि अंधार पडेस्तोवर लढाई मारली.

आता थैली. आत कॅरमच्या १२ सोंगट्या: ८ पांढऱ्या, ३ काळ्या, १ राणी. तोफेचा मारा बसला की पलटणीसाठी एक सोंगटी काढायची. पांढरी म्हणजे टिकली, सोंगटी बाजूला. काळी म्हणजे पळाली. सोंगटी त्या पलटणीवरच ठेवायची. राणी निघाली की पलटण टिकते, पटावरचा सूर्य (दिवस किती उरला ते दाखवणारी खूण) एक घर खाली सरकतो आणि बाजूच्या पांढऱ्या राणीसकट परत थैलीत जातात. सेनापतीने शेजारच्या घरात येऊन एक हुकूम खर्चला की पलटण सावरते, पण तिची काळी सोंगटी थैलीत परत पडते. एकावेळी तीनच पलटणी पळू शकतात, हे आपोआप साधलं.

यात न ठरवता हाती लागलेली गंमत आहे बाप्पा. १२ सोंगट्यांत राणी सरासरी साडेसहाव्या ओढीला येते. तिन्ही काळ्या बाहेर असताना ९ उरतात, तेव्हा पाचव्या. पलटणी जितक्या पळतील तितका सूर्य लवकर मावळतो. वेगळा नियम न लिहिता घाई पटावर आली!

पण हुशार खेळाडूने यातही भोक शोधलंच. तीन कमजोर पलटणी पळाल्या तशाच सोडायच्या, काळ्या त्यांच्यावर अडकवायच्या आणि उरलेली रांग निर्धास्त पुढे काढायची. उपाय सध्या असा: सूर्य दोन घरं सरकेपर्यंत पलटण सावरली नाही तर ती पटाबाहेर, काळी परत थैलीत. दोनऐवजी एक घर ठेवलं तर सेनापती धावपळीतच अडकतो आणि हल्ला राहून जातो.

सोंगट्या एकाच संचातल्या घ्या. जुन्यांच्या कडा झिजतात, बोट लगेच ओळखतं. बोरिक पावडर ओल्या फडक्याने पुसून वाळवा. सोंगट्यांऐवजी बटणं घेऊन त्यांवर नेलपॉलिश लावू नका, थर हाताला लागतो. पट जुन्या फ्लेक्सच्या पांढऱ्या पाठीवर, षटकोन ४ सेंटिमीटरचे. गुंडाळलेला फ्लेक्स उलट्या बाजूने गुंडाळून रात्रभर ठेवला की सपाट बसतो. पलटणींचे तुकडे बाइंडिंगच्या २ मिलिमीटर पुठ्ठ्याचे, खाली फेव्हिकॉलने वायसर, नाहीतर लाइन येताच पंखा पलटणी उडवतो. ऑनलाइन मिळणाऱ्या महागड्या लाकडी तुकड्यांची गरज नाही. तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याकडे वायसर वजनावर मिळतात.

उरलेला पेच: तोफा गप्प झाल्या की ओढ थांबते आणि सूर्य जागीच राहतो. प्रत्येक फेरीला सूर्य एक घर सरकवायचं ठरत होतं, पण लिहिता लिहिता दुसरं सुचतंय. रिसाल्याच्या चढाईलाही थैलीतूनच ओढ घ्यावी. काळी आली तर घोडे उधळले. सूर्य शेवटच्या घराखाली गेला तरी डाव लगेच संपवू नये, कारण त्या रात्री पाठलाग चांदण्यात झाला. फक्त रिसाल्याला आणखी दोन फेऱ्या द्याव्यात आणि पायदळ थांबवावं. गाविलगडाच्या लढाईचा पट तोवर बाजूला. कोणी खेळून पाहणार असाल तर चौथी काळी टाकून बघा आणि सूर्य कितव्या फेरीला बुडाला तेवढं कळवा.