बबल टिप ॲनिमोन : खाचेत बसल्यापासून सात महिने

गेल्या शनिवारी माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला बबल टिप ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा, भुजांच्या टोकांना फुगे असलेला समुद्री प्राणी) खडकाच्या खाचेत बसला त्याला सात महिने झाले. या सात महिन्यांत तो बोटभरसुद्धा सरकला नाही. या बुधवारी मात्र हलला, पण त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईलच. ज्यांनी बबल टिप पाळलाय त्यांना सात महिने एका जागी म्हणजे काय ते सांगायला नको. त्याआधीचे पाच आठवडे तो टाकीभर फिरत होता आणि मी रात्री दोन-दोनदा उठून टॉर्च मारून त्याला शोधत होतो. तेव्हा काय चुकत होतं ते मला फार उशिरा कळलं. दुसऱ्या कुणाचे तेवढे आठवडे वाया जाऊ नयेत म्हणून वहीतल्या नोंदी नीट लावून लिहितोय.

टाकीची माहिती आधी उरकतो. घर ठाण्याला, तिसरा मजला. सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून पाणी २७० लिटर. खडक कृत्रिम, तो चार महिने पाण्यात मुरवला. तळाला पातळ वाळू, एक स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र), दोन वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह खेळवणारे पंप), एलईडी दिवे, आणि यंदापासून पाणी थंड ठेवणारा चिलर. मासे तीनच : ऑसेलॅरिस क्लाउनफिशची (ॲनिमोनच्या भुजांत राहणाऱ्या माशांची) जोडी आणि एक वॉचमन गोबी. मऊ प्रवाळांत झोआंथिड आणि मशरूम आहेत. कठीण प्रवाळ ठेवत नाही. ते २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि कुणी आणून देतो म्हणालं तरी मी घेत नाही.

हा माझा दुसरा ॲनिमोन. पहिला गेला, आणि कसा गेला ते लिहायलाच हवं.

टाकी तेव्हा तीन महिन्यांची होती. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, त्यामुळे टाकी तयार आहे असं मी धरून चाललो. ॲनिमोनसाठी एवढं पुरत नाही. खडकात, वाळूत जिवाणूंचा संसार बसायला आणि रोजचे चढउतार थांबायला वर्ष लागतं. निदान सहा महिने तरी थांबावंच. आठव्या रात्री तो जागा सोडून निघाला आणि वेव्हमेकरच्या तोंडाशी गेला. वेव्हमेकरला जाळी नव्हती. सकाळी हॉलमध्ये आलो तर पाणी ताकासारखं पांढरं आणि खोलीभर सडलेल्या शिंपल्यांचा वास. मरणारा ॲनिमोन सगळी टाकी सोबत घेऊन जाऊ शकतो, कारण त्याच्या अंगाचं पाण्यात फार लवकर विरघळून अमोनिया होतं. दिवसभरात चाळीस टक्के पाणी बदललं, पाणी शुद्ध करायला सक्रिय कार्बन टाकला, मासे वाचले. त्याच संध्याकाळी दोन्ही वेव्हमेकरना बारीक जाळी आणि पाणी सम्पमध्ये उतरतं त्या ओव्हरफ्लोच्या दाताळ्याला स्पंज बसवला. पुढे जवळपास वर्षभर नवा ॲनिमोन आणला नाही.

दुसरा आणला गेल्या ऑक्टोबरच्या मध्यावर. दुकानात पाच होते. दोन पांढरेशुभ्र, टोकाला गुलाबी झाक असलेले, आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडेच जात होतं. पांढरा रंग म्हणजे त्याच्या पेशींत राहणारं शेवाळ निघून गेलंय. उजेडातून साखर करून त्याला पोसणारं हेच शेवाळ, ते गेलं की तो उपाशी असतो. एक भडक पिवळा होता, तो सरळ रंगवलेला. मी घेतला तो तपकिरी, दिसायला सगळ्यात साधा. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, पाय काचेला चिकटलेला होता आणि तळव्याला कुठे फाटलेलं नव्हतं. काचेवरून सोडवताना दुकानातल्या पोराला घाई करू दिली नाही. नख लागून पाय फाटला तर पुढे काहीही करून उपयोग होत नाही.

घरी आणल्यावर दोन तास टाकीचं पाणी थेंब-थेंब देऊन, सवय करून मग सोडला. दिवे ३५ टक्क्यांवर ठेवले आणि तीन आठवड्यांत हळूहळू ६५ पर्यंत न्यायचे ठरवलं. खडकातली एक खोल खाच त्याच्यासाठी राखली होती. बबल टिपला पाय अंधाऱ्या फटीत आणि भुजा उजेडात, अशी जागा आवडते. एक रात्र तो तिथे राहिला आणि निघाला.

रोज सकाळी पूजा झाली की आई टाकीसमोर चहा घेऊन बसते. मी आंघोळीला जायच्या आत तिची बातमी यायची : "अरे, तुझं फूल आज काचेवर गेलंय बघ." दुसऱ्या दिवशी, "आज मागच्या नळीपाशी आहे." मी काय करत होतो? उजेड कमी पडतोय म्हणून दिवे वाढवले. मग जास्त झाला म्हणून कमी केले. प्रवाह जोराचा वाटला म्हणून वेव्हमेकर वळवला, तीन दिवसांनी परत जागेवर आणला. पाच आठवड्यांत अकरा बदल केले, वहीत तारखा आहेत. माझ्या प्रत्येक बदलानंतर तो आणखी आक्रसत होता. भुजांच्या टोकांचे फुगे जाऊन त्या नुसत्या दोऱ्यांसारख्या लांब झाल्या. दुपारी तोंड उघडं दिसायला लागलं तेव्हा मात्र मी घाबरलो.

डोंबिवलीचा एक मित्र रविवारी आला. त्याने टाकीकडे न बघता आधी माझा रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याची क्षारता, म्हणजे खारटपणा, मोजायचं यंत्र) मागितला. मी तो नेहमी साध्या आरओ पाण्याच्या थेंबावर शून्य करून घ्यायचो. त्याने खिशातून ३५ क्षारतेच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावणाची बाटली काढली, काचेवर दोन थेंब टाकले, यंत्र खिडकीकडे धरून बघितलं आणि माझ्या हातात दिलं. निळी रेघ ३३ वर होती.

म्हणजे मी टाकीत ज्याला ३५ समजत होतो ते ३७ होतं, आणि कितीतरी महिने होतं. माशांनी ते निभावून नेलं. ॲनिमोनच्या अंगात समुद्राचंच पाणी खेळतं, त्याला ते निभावता येईना. शून्यावर बरोबर दाखवणारं यंत्र वर जाता जाता चुकू शकतं. म्हणून ज्या आकड्याशी आपल्याला काम आहे, त्याच आकड्याच्या द्रावणावर यंत्र लावायचं. मी आता दर पंधरा दिवसांनी लावतो.

उतरवायचंही एकदम नाही. ३७ वरून ३५ वर यायला २७० लिटरमागे साधारण १५ लिटर खारं पाणी काढून तेवढंच गोडं घालावं लागतं. रोज दीड लिटर असं दहा दिवस केलं. या दहा दिवसांत दिव्यांना हात लावला नाही, वेव्हमेकरला नाही, त्याला तर नाहीच. चौथ्या दिवशी तोंड मिटलं. बाराव्या दिवशी सकाळी आईची हाक आली, "अरे, आज तुझं फूल दिसतच नाहीये!" धावत गेलो. तो त्या राखलेल्या खाचेत पाय घालून, दिवे लागायची वाट बघत मिटून बसला होता.

गोड्या पाण्याचं सांगायचं राहिलं. घरातल्या आरओचं पाणी टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) ४० दाखवायचं. मागे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं जोडल्यावर शून्य येतं. टाकीतून रोज अडीच-तीन लिटर पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहतं, म्हणून ऑटो टॉप-ऑफ (घटलेलं पाणी गोड्या पाण्याने आपोआप भरणारं यंत्र) बसवलाय. तो नसेल तर सकाळ-संध्याकाळ हाताने घाला, पण रोज घाला. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांब्याचं औषध या टाकीत कधीही नाही. त्यासाठी टब वेगळा, बादली वेगळी, जाळंही वेगळं.

सध्याचे आकडे : तापमान २६ अंश, क्षारता ३५, केएच (कार्बोनेटचं प्रमाण) ८.२, कॅल्शियम ४२०, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०५. नायट्रेट शून्यावर आणायच्या मागे मी लागत नाही. त्याच्या पोटातल्या शेवाळालाही खायला लागतं.

उन्हाळ्याची मला धास्ती होती. गेल्या वर्षी मेमध्ये पंख्यांच्या भरवशावर पाणी साडेतीसपर्यंत गेलं होतं. पुण्याच्या कोरड्या हवेत पंख्याने पाणी चांगलं उतरतं, पण आपल्याकडच्या दमट हवेत वाफच होत नाही, एखादा अंश उतरला तरी खूप. यंदा चिलर घेतला आणि वीजबिल वाढलं, पण मे महिनाभर २६ चा काटा हलला नाही. जूनच्या पहिल्या वादळात रात्री सहा तास वीज गेली. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर आणि एअर पंप एवढंच ठेवलं. पाणी २८ च्या जरा वर गेलं, ॲनिमोन लिंबाएवढा होऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फुलला.

असं आक्रसणं बघून नवे लोक हादरतात. तो अधूनमधून अंगातलं जुनं पाणी आणि तपकिरी घाण बाहेर टाकून नवं पाणी भरून घेतो. काही तासांत परत फुगला तर काळजी नको. तोंड उघडं पडलं, पाय सुटला, वास आला, तर मात्र लगेच बाहेर काढा.

खाणं आठवड्यातून एकदा. बाजारातली कोळीण मावशी बिनऔषधाची ताजी कोळंबी बाजूला काढून देते. करंगळीच्या नखाएवढा तुकडा लांब चिमट्याने भुजेला टेकवायचा. भुजा आधी चिकटते, मग शेजारच्या दोन-तीन वाकतात आणि सगळ्या मिळून तुकडा मधोमध ढकलतात. तोंडाची चीर हळूच रुंद होते, चार-पाच मिनिटांत तुकडा आत. सुरुवातीला मी अंगठ्याएवढा देत होतो, तो दुसऱ्या दिवशी बुळबुळीत गोळा होऊन बाहेर पडायचा.

तो खाचेत बसल्यावरही क्लाउनफिशनी दोन महिने त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. ऑसेलॅरिस समुद्रात बबल टिपमध्ये राहत नाही, त्याचे यजमान ॲनिमोन वेगळे. बबल टिपशी खरं नातं 'मरून' (गडद तांबड्या) क्लाउनफिशचं. फेब्रुवारीत एका संध्याकाळी मादीने शेपटीचं टोक भुजेला लावलं आणि झटकन मागे आली. पुन्हा लावलं, मग पोट घासलं. तासाभरात ती आडवी होऊन त्यात लोळत होती. नर तिसऱ्या दिवशी आला. भुजांचे फुगेही त्याच सुमारास परत आले.

आता बुधवारचं. दिवे मंद झाल्यावर बघतो तर तोंड लांबट झालेलं आणि पाय दोन दिशांना ताणलेला. पहिल्यांदा पोटात गोळाच आला. क्षारता बघितली, ३५. तापमान २६. केएच तेच. मग खुर्ची ओढून बसलो. मध्यरात्रीनंतर मधला पडदा दोऱ्याएवढा उरला आणि सकाळी त्याचे दोन झालेले होते. मोठा खाचेतच आहे, धाकटा चार बोटं डावीकडे, एका बाजूने अजून जखमेसारखा उघडा. त्याचं तोंड नीट गोल होईपर्यंत दोघांनाही खायला घालणार नाही, आणि धाकटा दोन महिने पक्का बसल्याशिवाय डोंबिवलीच्या मित्राकडे जाणार नाही.

आज सकाळी आई म्हणाली, "आता कोळंबी दोघांची आणायची ना?" तिला पुढचा बुधवार सांगितलाय.