पदराखालचा विग

त्या मावशी आमच्या विगच्या दुकानात तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना आरशासमोर बसवलंच नाही. म्हटलं, घरी भाकरी थापायला बसता तशा खाली बसा, पदर घ्या. आधीच्या दोन्ही वेळी हे सुचायला हवं होतं.

गाव अंबडच्या पुढं, वय पंचेचाळिशीचं, केमो संभाजीनगरला. तक्रार पहिल्यापासून एकच. "विग मागं सरकायलंय बघा ताई. इथं नीट बसतंय, घरी गेलं की सरकायलंय."

पहिली चूक मापाची आणि ती आमचीच. केस असताना माप घेतलं होतं. टेप कपाळाच्या केसरेषेवरून, कानामागून, मानेवर केस संपतात तिथपर्यंत फिरवला: ५७ सेंटिमीटर. केस दाट होते. पहिल्या केमोनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. त्यांचे गेले आणि डोकं भरलं ५५. दोन सेंटिमीटर म्हणजे विग डोक्यावर नुसता ठेवल्यासारखा. केस आहेत तोवर रंग आणि भांगाची बाजू ठरवावी, फोटो काढून ठेवावा आणि माप केस गेल्यावर घ्यावं. एवढं साधं पेशंटला कुणी सांगत नाही. डॉक्टरांना वेळ नाही, आणि दुकानदाराला आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं.

दुसऱ्या खेपेला दुकानातल्या पोरानं मागचे हूक आवळून दिले. विगच्या मागच्या काठाला आतून दोन इलास्टिकच्या पट्ट्या असतात, टोकाला हूक आणि पुढं ओळीनं घरं. दोन्ही बाजूंचे हूक एकाच क्रमांकाच्या घरात गेले पाहिजेत, नाहीतर भांग तिरका होतो. आवळल्यावर मानेशी काठाखाली करंगळी सहज शिरली पाहिजे. पोराचं तत्त्व एकच, सैल आहे तर शेवटच्या घरात घाल. मावशींचं डोकं दोन दिवस दुखलं, कपाळावर लाल वळ उठला. केमोतली कातडी नाजूक असते, म्हणून अशा डोक्यावर मी गोंद किंवा चिकट टेपही लावू देत नाही, मोबाइलवरचे व्हिडिओ काहीही म्हणोत.

तिसऱ्या खेपेला पहिल्यापासून सगळं करून घेतलं, त्यांच्याच हातानं. डोक्याला हात लावला तर तेलकट. टाळू कोरडी पडते म्हणून रोज सकाळी खोबरेल. तेलावर कुठलाच विग थांबत नाही. तेल रात्री लावा, सकाळी धुऊन पुसून टाळू पूर्ण कोरडी करा. नायलॉनची जाळीदार टोपी दाट केस दाबून बसवायला ठीक; तुळतुळीत डोक्यावर तीच घसरते आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात आत घामाची धार लागते. आधी पातळ सुती टोपी, शिवण बाहेरच्या अंगाला. तिच्यावर कपाळापासून मानेपर्यंत वेलवेटची दोन बोटं रुंद पट्टी. विग धरून राहतो तो या पट्टीमुळं.

मग विग. आतलं लेबल मागं. पुढचा काठ भुवईच्या वर स्वतःची चार बोटं ठेवून तिथं टेकवायचा, डाव्या हातानं तिथंच दाबून धरायचा आणि उजव्या हातानं मागचा भाग मानेपर्यंत ओढायचा. टोपीसारखा वरून दाबला की काठ भुवयांवर येतो, मग लोक तो मागं ढकलतात आणि सगळंच बिनसतं. नंतर दोन्ही हातांच्या बोटांनी जिभा, म्हणजे विगच्या काठाचे कानापुढं येणारे छोटे तुकडे, चाचपायच्या. त्या कल्ल्याच्या जागी, दोन्हीकडं सारख्या उंचीवर आणि सपाट हव्यात; एक कानावर चढली की विग फिरलाच म्हणून समजा. जिभेत बारीक तार असेल तर ती कानशिलाला लागून वाकवायची. शेवटी रुंद दातांचा कंगवा, टोकाकडून वर. मान हलवून बघायची.

मावशींनी हे दुसऱ्याच प्रयत्नात जमवलं. विग पक्का बसला. मग त्यांनी पदर घेतला, पुढं वाकल्या, हवेत भाकरी थापली आणि विग बोटभर मागं गेला.

वाकलं की खांद्यावरचा पदर ताणला जातो. डोक्यावरचं टोक विगला धरून मागं खेचतं, सरळ झालं तरी विग परत पुढं येत नाही. दिवसात पन्नास वेळा वाकणारी बाई. त्यात साडी नायलॉनची, केस सिंथेटिक, कोरड्या हवेत दोन्ही एकमेकांना चिकटणारे. कपाळावरच्या बटांची टोकंही चुलीच्या धगीनं आकसून कुरळी झाली होती. ती मला त्या पहिल्यांदा तक्रार घेऊन आल्या तेव्हाच दिसली होती, पण मी त्याला हलका माल म्हणून सोडून दिलं.

उपाय साधा निघाला. पदर डोक्यावर घेऊन पुढं वाका, जेवढा लागतो तेवढा ढिला सोडा आणि मग खांद्यावर ब्लाउजला पिन करा, ओढ खांद्यावर जाते. पदराची पिन विगला कधीच नाही. घरात सुती साडी. चुलीपाशी विग काढून रुमाल बांधायचा. सिंथेटिक केस एकदा आकसला की सरळ होत नाही. काढलेला विग पालथ्या कळशीवर, उन्हात नाही. धुणं गार पाण्यात शाम्पू घालून, न चोळता, न पिळता.

"घरात दीर-सासरे असत्यात, विग काढून कसं बसू?" मावशी म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "पदराखालनं दिसतंय तरी काय? म्होरली दोन बोटं आन् भांग."

कपाळावरचे केस आणि भांग एवढंच असलेली, डोक्याभोवती बांधायची पट्टी मिळते. वरून रुमाल किंवा पदर घेतला की खाली काय आहे ते कळत नाही. वजन कमी, वर हवा लागते, किमतीत पूर्ण विगपेक्षा पुष्कळ खाली. डोक्यावर पदर घेणाऱ्या बाईला मी पाठीपर्यंतच्या केसांचा विग विकला होता. ती पट्टी आमच्या दुकानात तेव्हा नव्हती. अजूनही सांगून मागवावी लागते, कारण मालकाच्या मते त्यात सुटत काही नाही.